‘द ब्रदर्स कारामाझोव’ : शोक, श्रद्धा आणि क्षमेचा अधिकार

समासातली टीप (धागालेखक)

दस्तयेव्हस्कीच्या या कादंबरीची चर्चा बहुधा आस्तिक-नास्तिक वादापाशी सुरू होते आणि तिथेच अडकून पडते. तीन कारामाझोव भावांपैकी मधल्या, नास्तिक इव्हानचा युक्तिवाद बिनतोड आहे का, आणि झोसिमा या वृद्ध साधूची शिकवण त्याला पुरी पडते का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे वेगळ्या वाटेने जायचे आहे. ही कादंबरी मूल गमावलेल्या बापाने लिहिली आहे. तिच्यातला श्रद्धेचा प्रश्न शोकापासून आणि क्षमेपासून वेगळा काढला, तर हाती केवळ तर्काचा सांगाडा उरतो, असे मला वाटते.

मे १८७८ मध्ये दस्तयेव्हस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने गेला. त्याला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि हा आजार बापाला स्वतःला वर्षानुवर्षे जडलेला होता. दहा वर्षांपूर्वी, १८६८ मध्ये, जिनिव्हा इथे त्यांची पहिली मुलगी सोन्या तीन महिन्यांची असताना दगावली होती. मुलाच्या मृत्यूनंतर पुढच्याच महिन्यात दस्तयेव्हस्की तरुण तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्योव यांच्यासोबत ऑप्तिना पुस्तिन या मठात गेला आणि तिथे अम्ब्रोसी या ज्येष्ठ साधूला भेटला. त्याची पत्नी आन्ना ग्रिगोर्येव्हना हिने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की, अम्ब्रोसींनी तिच्यासाठी जे सांत्वन सांगून पाठवले, तेच पुढे कादंबरीतल्या झोसिमाच्या तोंडी आले. जानेवारी १८७९ पासून ‘रस्की वेस्तनिक’ या मासिकातून कादंबरी क्रमशः येऊ लागली. कादंबरीचा नायक असलेल्या धाकट्या भावाचे नाव अल्योशा आहे, आणि मठाच्या दाराशी रडत आलेल्या एका बाईच्या मेलेल्या मुलाचे नावही तेच आहे.

त्या बाईचा प्रसंग दुसऱ्या भागात येतो. ती दूरवरून, नवऱ्याला मागे ठेवून आली आहे. आधीची मुले गेली तेव्हा ती इतकी खचली नव्हती. या शेवटच्या मुलाने मात्र, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, तिचा जीव सुकवून टाकला आहे. त्याचे इवले कपडे आणि बूट ती पुढ्यात मांडते आणि आक्रोश करते. झोसिमा तिला प्रथम सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट सांगतो : मूल देवदूतांमध्ये आहे, म्हणून रडू नकोस, आनंद मान. बाई म्हणते की नवरासुद्धा हेच सांगतो आणि स्वतःही रडतो. यानंतर झोसिमा जे करतो, त्यासाठी मी हे प्रकरण पुनःपुन्हा वाचतो. तो आपले पहिले सांत्वन पुढे रेटत नाही. आपल्या लेकरांसाठी रडणाऱ्या आणि सांत्वन नाकारणाऱ्या राहेलीचे वचन, जे बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथात आहे आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात पुन्हा येते, ते तो उच्चारतो आणि सांगतो की सांत्वन मानू नकोस, रड. हा शोक पुढे बराच काळ टिकेल आणि शेवटी त्याचा शांत आनंद होईल, असेही तो म्हणतो. पण त्याची तो घाई करत नाही. जाता जाता मात्र तो तिला एक कठोर गोष्टही बजावतो : नवऱ्याला एकटा टाकून येणे हे पाप आहे, घरी परत जा. शोकाला मुभा आहे, पण शोकाच्या नावाखाली जिवंत माणसाला सोडून देण्याची नाही.

यासमोर पाचव्या भागातले इव्हानचे बंड ठेवून पाहावे. एका जमीनदार सेनापतीच्या लाडक्या कुत्र्याला आठ वर्षांच्या भूदास मुलाने खेळता खेळता दगड मारला, म्हणून सेनापतीने त्या मुलावर आईच्या डोळ्यांदेखत शिकारी कुत्रे सोडले, ही कथा इव्हान सांगतो. स्वतःच्या वेदनेबद्दल आईला वाटले तर तिने क्षमा करावी, पण मुलाच्या यातनांबद्दल क्षमा करण्याचा तिला अधिकार नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. माझ्या मते कादंबरी हा निष्कर्ष कुठेही खोडून काढत नाही. ती प्रश्नाची दिशाच बदलते. क्षमा द्यावी की न द्यावी, यापेक्षा क्षमा मागायला कोण जातो, हे ती पाहते. मोजून पाहिले तर या कादंबरीत क्षमा करणारे थोडे आणि मागणारे पुष्कळ सापडतील. झोसिमाचा सतरा वर्षांचा भाऊ मार्केल क्षयाने मरताना पाखरांचीही क्षमा मागतो. तरुणपणीचा सैनिक झोसिमा आदल्या संध्याकाळी ज्या नोकराला त्याने तोंड फुटेपर्यंत मारले, त्या अफानासीच्या पायांवर द्वंद्वाच्या दिवशी सकाळी डोके टेकतो. गुरूच्या, म्हणजे झोसिमाच्या, मृत्यूनंतर जमिनीवर कोसळलेला अल्योशासुद्धा सर्वांना क्षमा करावी असे वाटत असतानाच सर्वांसाठी क्षमा मागू इच्छितो. या कादंबरीतली श्रद्धा अशी कोणाकडून काही घेण्यासाठी वाकलेली आहे. वरच्या पायरीवर उभे राहून क्षमा वाटणारी नाही. आपणांस हे पटते का?

उत्तररात्र

मांडणी आवडली, परंतु तिच्यातून मधली खुंटीच आपण काढून घेतली आहे. इव्हानच्या प्रश्नाला अल्योशा तिथल्या तिथे उत्तर देतो : सर्वांना, सर्व गोष्टींबद्दल आणि सर्वांच्या वतीने क्षमा करू शकेल असा एक आहे, कारण त्याने स्वतःचे निरपराध रक्त सर्वांसाठी दिले. ख्रिस्ती धर्मविचाराचा गाभा तोच आहे. आईला अधिकार नाही, हे इव्हानचे म्हणणे कोणताही जाणता ख्रिस्ती माणूस मान्य करील. वधस्तंभाची गरज तिथूनच तर निर्माण होते. हा अधिकार माणसाचा नसून ख्रिस्ताचा आहे, हे बाजूला ठेवून ‘क्षमा मागणाऱ्यांची कादंबरी’ असे म्हटले, तर ती नम्रतेची सर्वसाधारण नीतिकथा होईल आणि ख्रिस्ती कादंबरी उरणार नाही.

मागण्यावर भर असल्याचे आपले निरीक्षण मात्र बरोबर आहे, आणि त्याला आधारही आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो. तिथे उठून जाण्याची जबाबदारी अपराध्यावर आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीत ईस्टरपूर्वीच्या महाउपवासाच्या आदल्या रविवारी लोक एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात, आणि ज्याच्याकडे ती मागितली तो देव क्षमा करतो असे उत्तर देतो. दस्तयेव्हस्की याच परंपरेत वाढला. तेव्हा मागणे आणि देणे यांत आपण जी फारकत केली आहे, ती त्या परंपरेत इतकी स्पष्ट नाही, कारण दोघेही एकाच वेळी वाकलेले असतात.

समासातली टीप

उत्तररात्र, अल्योशाचे ते वाक्य मी मुद्दाम बाजूला ठेवले होते, कारण लेखकाने त्याला दिलेली जागा विचार करण्यासारखी आहे. ते एकच वाक्य आहे. त्याच्या थोडे आधी, त्या सेनापतीला काय करावे असे इव्हानने विचारल्यावर, याच अल्योशाच्या तोंडून त्याला गोळी घालावी असे निघून गेलेले आहे. ख्रिस्ताचे नाव निघाल्यावर इव्हान जी महान्यायाधीशाची कथा सांगतो, तिच्यात ख्रिस्त अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही. लेखकाला हे उत्तर सिद्धान्त म्हणून पुरेसे वाटले असते, तर कादंबरी तिथेच संपवता आली असती. पुढचे सात भाग त्याने लिहिले, ते हे उत्तर माणसांच्या अंगी कसे आणि किती उतरते हे पाहण्यासाठी, असे मला वाटते. दोघांनी एकाच वेळी वाकण्याचा आपला मुद्दा मात्र माझ्या मांडणीत भर घालणारा आहे.

पिंपळपान

इव्हानच्या कथेतल्या मुलापेक्षा मला इल्यूशाचे प्रकरण अधिक अस्वस्थ करते, कारण तो मुलगा युक्तिवादासाठी आणलेला नाही, तर आपल्यासमोर जगतो आणि मरतो. अल्योशाचा थोरला भाऊ दिमित्री हा इल्यूशाच्या वडिलांना, स्नेगिर्योव या गरीब निवृत्त कप्तानाला, दाढी धरून खानावळीतून चौकात ओढत आणतो. मुलगा मध्ये पडतो, वडिलांना सोडा म्हणून विनवतो आणि अपमान करणाऱ्याच्या हाताचे चुंबन घेतो. नंतर तो वडिलांना बजावतो की त्या माणसाशी समेट करायचा नाही. मोठा झाल्यावर आपण त्याला द्वंद्वात खाली पाडू, त्याच्यावर तलवार उगारू आणि तुला मारू शकलो असतो, पण क्षमा करतो असे सांगू, हे त्याचे स्वप्न आहे.

क्षमेविषयी या संपूर्ण कादंबरीत याहून खरे काही नाही, असे मला वाटते. क्षमा करण्यासाठी आधी पायांखाली जमीन असावी लागते, हे त्या मुलाला कळले आहे. दुबळ्याने केलेल्या क्षमेला जग शरणागती समजते. स्नेगिर्योवही हे जाणतो : अल्योशाने आणलेल्या दोनशे रुबलांच्या नोटा तो आधी हरखून हातात घेतो, त्या पैशांत काय काय करता येईल याची स्वप्ने रंगवतो, आणि मग त्याच नोटा टाचेखाली चिरडतो, कारण अपमानाच्या बदल्यात पैसे घेतले तर मुलाला काय तोंड दाखवणार? आपला भाऊ भर चौकात गुडघे टेकून क्षमा मागेल, अशी ग्वाही अल्योशाने स्नेगिर्योवला दिलेली असते. ते कधीच घडत नाही. दिमित्री बापाच्या खुनाच्या आरोपावरून तुरुंगात जातो आणि इल्यूशा मरतो. धागालेखकांच्या मांडणीला माझी पुरवणी एवढीच की, सर्वांत आवश्यक असलेली क्षमायाचना या कादंबरीत राहूनच जाते, आणि ती राहून गेली हे लेखक कुठेही मोठ्याने सांगत नाही.

इल्यूशा मरताना वडिलांना दुसरा चांगला मुलगा आणा आणि त्यालाही इल्यूशा म्हणा, असे सांगतो. बाप दाराबाहेर येऊन दातओठ खात म्हणतो की त्याला दुसरा मुलगा नको. बायबलमधल्या इयोबाची मुले गेल्यावर त्याला नवी मुले मिळाली, पण जुनी गेल्यावर तो नव्यांवर प्रेम कसे करू शकला, हा प्रश्न झोसिमाने आधी विचारलेला आहे आणि जुने दुःख हळूहळू शांत आनंदात बदलते असे उत्तरही दिलेले आहे. स्नेगिर्योव ते उत्तर ऐकायला तिथे नाही, आणि ऐकले असते तर मानले असते असेही नाही. अंत्यविधीनंतर घरी आल्यावर कोपऱ्यात ठेवलेले इल्यूशाचे फाटके बूट पाहून तो गुडघ्यांवर कोसळतो. मठातल्या त्या बाईनेही बुटांचाच उल्लेख केला होता. सातशे-आठशे पानांच्या अंतरावर तीच वस्तू पुन्हा येणे योगायोग नसावा.

जुना वाचक

शोकाच्या यादीतून कारामाझोवांच्या घरातल्या ग्रिगोरी या नोकराचे नाव सुटू नये. त्याचे बाळ सहा बोटांचे जन्मले म्हणून तो हबकला, आणि दोन आठवड्यांत ते गेल्यावर त्याने स्वतः त्याला पेटीत ठेवले, खड्डा बुजवला आणि थडग्यापुढे गुडघे टेकून नमन केले. त्यानंतर वर्षानुवर्षे त्याने बाळाचा उल्लेख केला नाही. तो धर्मग्रंथ वाचू लागला, इयोबाचा ग्रंथ आणि सीरियाच्या संत इसहाकाची प्रवचने, जी त्याला जवळजवळ काहीच कळत नव्हती. मठातली बाई बोलून रडते आणि हा न बोलता वाचतो. लेखक दोघांपैकी कोणालाही श्रेष्ठ ठरवत नाही.

रानवाटा

जुना वाचक यांनी ग्रिगोरीचा विषय काढला, म्हणून माझी हरकत इथे मांडते. ज्या रात्री त्याने बाळाला पुरले, त्याच रात्री बागेतल्या न्हाणीघरात स्मेर्द्याकोवचा जन्म झाला, आणि आपल्या गेलेल्या बाळानेच हे मूल पाठवले असे ग्रिगोरी बायकोला म्हणाला. त्या मुलाचे पुढे काय झाले? तो बहुधा कारामाझोव भावांचा बाप फ्योदोर पाव्हलोविच याचाच मुलगा, म्हणजे चौथा भाऊ. पण त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. सर्वजण सर्वांसाठी आणि सर्वांपुढे अपराधी आहेत, हे मार्केलचे आणि झोसिमाचे वचन या कादंबरीचे बोधवाक्य म्हणून वारंवार सांगितले जाते. मग या चौथ्या भावापुढे कोण वाकले? अल्योशा पाखरांची क्षमा मागणाऱ्या परंपरेचा वारस आहे, पण बागेत स्मेर्द्याकोव भेटतो तेव्हा तो त्याला फक्त दिमित्री कुठे आहे हे विचारतो. आपण काही त्याचे राखणदार नाही, अशा अर्थाचे उत्तर स्मेर्द्याकोव देतो. ते बायबलमध्ये भावाचा खून करणाऱ्या काईनाचे उत्तर आहे, आणि पुढे इव्हानही तेच उत्तर देऊन ते काईनाचे असल्याचे स्वतःच ओळखतो. भाऊ म्हणून ज्याची कोणी गणनाच केली नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य घालण्यातला उपरोध लेखकाला नक्कीच कळत होता.

इव्हानशी झालेल्या शेवटच्या भेटीत, फ्योदोरचा खून करून चोरलेल्या नोटांवर स्मेर्द्याकोव जे पुस्तक ठेवतो, ते संत इसहाकाचेच आहे. म्हणजे सांभाळ करणाऱ्या बापाच्या शोकातला ग्रंथ त्याच्यापर्यंत पोहोचला होता. माणूस मात्र कोणी पोहोचला नाही. मी ही कादंबरी थोर मानते, पण तिच्या क्षमेला जातकुळी आहे, हे म्हटल्याशिवाय मला राहवत नाही. खून झालेल्या फ्योदोर पाव्हलोविचसाठी कोणी रडत नाही, हे समजू शकते. स्मेर्द्याकोवच्या आत्महत्येनंतरही कोणी रडत नाही, आणि तिथे मला लेखकाचे मौन पुरेसे वाटत नाही.

समासातली टीप

रानवाटा, हा आक्षेप मी टाळणार नाही. लेखकाने सारे दुवे जाणीवपूर्वक ठेवले आहेत हे आपणच दाखवून दिले आहे. त्यामुळे हे मौन लेखकाचे की अल्योशाचे, हा प्रश्न उरतो. मला ते अल्योशाचे अपयश म्हणून वाचावेसे वाटते. दिमित्रीला शोधण्याचे काम त्याच्याकडून गुरूच्या शोकात राहून गेले, असे कादंबरी स्पष्ट नोंदवते. स्मेर्द्याकोवच्या बाबतीत ती अशी नोंद करत नाही, हे खरे.

अक्षरओळख

मूळ प्रश्नाकडे, म्हणजे क्षमेच्या अधिकाराकडे येताना मला अ‍ॅलन पेटनची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही दक्षिण आफ्रिकेतली कादंबरी आठवते. ती १९४८ सालची, वर्णद्वेषी राजवट सत्तेवर आली त्याच वर्षीची आहे. तिथे खून करणाऱ्याचा बाप कुमालो हा खेड्यातला कृष्णवर्णीय अँग्लिकन धर्मगुरू आहे आणि ज्याचा खून झाला त्याचा बाप जार्व्हिस हा गोरा जमीनदार आहे. दोघांचीही मुले जाणार आहेत, एकाचे गोळीने आणि दुसऱ्याचे फाशीने. कुमालो दाराशी थरथरत उभा राहून आपल्या मुलानेच तुमच्या मुलाला मारले हे जार्व्हिसला सांगतो, तो प्रसंग आपल्या सूत्राला धरूनच आहे : अपराधाकडचा माणूस आधी बोलतो. जार्व्हिस मात्र मुलाच्या वतीने क्षमा जाहीर करत नाही. आपल्या मनात राग नाही, इतकेच तो सांगतो, आणि पुढे कुमालोच्या गावातल्या लहान मुलांसाठी दूध पाठवू लागतो. इव्हानने घातलेली मर्यादा तो नकळत पाळतो, कारण स्वतःच्या वाट्याच्या दुःखाचे काय करायचे, एवढेच तो ठरवतो.

मला पेटनची वाट दस्तयेव्हस्कीपेक्षा अधिक चालण्यासारखी वाटते. त्यात आकाशातून काही उतरावे लागत नाही. तिच्यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो इल्यूशाच्या स्वप्नाशी जुळतो : जार्व्हिसकडे जमीन आहे, पैसा आहे आणि सत्ता त्याच्या बाजूची आहे. त्याला उदार होणे परवडते. हेच दूध कुमालोने पाठवले असते, तर त्याचा अर्थ काय झाला असता, हे पेटन विचारत नाही.

उत्तररात्र

अक्षरओळख यांच्या शेवटच्या वाक्याला एक प्रतिउदाहरण कारामाझोवमध्येच आहे. झोसिमाने ज्याच्या पायांवर डोके टेकले, तो अफानासी पुढे अनेक वर्षांनी बाजारात त्याला भेटतो. आता तो लहानसा फेरीवाला आहे, संसारी आहे, आणि झोसिमा भणंग साधू झाला आहे. अफानासी त्याला घरी नेतो, चहा पाजतो आणि मठासाठी म्हणून अर्धा रुबल देतो. तोंड फुटेपर्यंत मार खाल्लेला माणूस इथे देणारा आहे. झोसिमाला त्यात दोन माणसांचे मोठे मीलन घडल्यासारखे वाटते. या प्रसंगात क्षमा हा शब्द कोणी उच्चारत नाही, आणि अर्ध्या रुबलात उदारपणाचा आवही नाही.

पिंपळपान

आणि ज्यांना हेही फार गोड वाटेल, त्यांनी उपसंहारातले तुरुंगाच्या रुग्णालयाचे प्रकरण पुन्हा वाचावे. न्यायालयात दिमित्रीविरुद्ध पुरावा देऊन त्याचा घात केलेली त्याची पूर्वीची वाग्दत्त वधू कात्या त्याला भेटायला येते. क्षमा केली किंवा न केली तरी आपण दोघे एकमेकांच्या मनातली जखम म्हणून राहू, असे ती त्याला सांगते. तेवढ्यात दिमित्रीची प्रेयसी ग्रुशेन्का येते आणि कात्या तिच्याकडे क्षमा मागते. आपण दोघीही दुष्ट आहोत, क्षमा कोण कोणाला करणार, असे म्हणून ग्रुशेन्का ती नाकारते. दिमित्री तिच्यावर संतापतो, तेव्हा अल्योशा तिची बाजू घेतो आणि तिला दोष देण्याचा तुला अधिकार नाही असे भावाला सुनावतो. बाहेर पडताना कात्या अल्योशाला म्हणते की तिने क्षमा केली नाही, म्हणूनच ती आपल्याला आवडली. ख्रिस्ती कादंबरीच्या शेवटी मागितलेली क्षमा नाकारली जाते, सर्वांत श्रद्धावान पात्र नाकारणारीच्या बाजूने बोलते, आणि नकार मिळालेली व्यक्ती त्या नकाराचा मान राखते. रानवाटा यांच्या आक्षेपाला हे उत्तर नाही. स्मेर्द्याकोवला कोणी मागितलेच नाही, त्यामुळे नाकारण्याची संधीही त्याला मिळाली नाही.